बौद्ध धर्माचा प्रसार आणि दक्षिणेतील प्राकृत: मराठी विवेचनाचे एक परीक्षण

बौद्ध धर्माचा आशियातील प्रसार सांगावयाचा म्हटले की मराठी अभ्यासकापुढे प्रथम एक ठराविक चित्र उभे राहते. पाटलिपुत्रास अशोकाच्या आश्रयाने तिसरी संगीती भरलेली आहे, मोग्गलिपुत्त तिस्स थेर तिचे अध्यक्ष आहेत, आणि संगीती आटोपल्यावर ते एकेका देशास एकेक थेर रवाना करीत आहेत. मज्झंतिक काश्मीर-गांधारास जातो, महादेव महिसमंडलास, रक्खित वनवासीस, योनक धम्मरक्खित अपरांतास, महाधम्मरक्खित महारट्ठास. मज्झिमाच्या वाट्यास हिमवंत येतो, सोण व उत्तर ह्यांच्या वाट्यास सुवण्णभूमी, आणि महिंदाच्या वाट्यास लंका. ही यादी महावंसाच्या बाराव्या परिच्छेदातील आहे. तीत महाराष्ट्राचे नाव आहे, एवढ्यानेच तिला मराठी ग्रंथांत हक्काचे स्थान मिळालेले दिसते. महाधम्मरक्खिताने महारट्ठात महानारदकस्सप जातक सांगितले, ८४,००० लोकांस मार्गफल प्राप्त झाले आणि १३,००० जणांनी प्रव्रज्या घेतली, असे महावंसकार सांगतो. हे आकडे गणनेचे नव्हेत, शैलीचे आहेत, हे कोणाही साक्षेपी वाचकास कळते.

यादी मात्र केवळ कल्पित म्हणून टाकून देता येत नाही. १८५१ साली सांची व सोनारी येथील स्तूपांतून कनिंगहॅम ह्यांना ज्या अस्थिमंजूषा मिळाल्या, त्यांवर मज्झिमाचे आणि सर्व हिमवंताचा आचार्य म्हटलेल्या कासपगोताचे नाव कोरलेले आहे. म्हणजे हिमवंताकडे गेलेल्या थेरांची स्मृती लंकेतील ग्रंथकारांनी शून्यातून निर्माण केली नव्हती. महाधम्मरक्खितासंबंधी असा कोरीव पुरावा उपलब्ध नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु खरा आक्षेप यादीच्या सत्यासत्यतेवर नाही. तो तिच्या वाक्यरचनेवर आहे. ह्या रचनेत पाठविणारा कर्ता आहे, थेर करण आहे आणि देश केवळ कर्म आहे. महारट्ठाने धर्म घेतला कसा, कोणत्या शब्दांत घेतला, आणि घेताना त्याचे काय केले, हे प्रश्न ह्या वाक्यात बसतच नाहीत. अशोकाच्या स्वतःच्या शिलालेखांत तिसऱ्या संगीतीचा उल्लेख नाही. धर्मविजयाचा, दूतांचा, आणि रठिक, पितिनिक, भोज, आंध्र ह्यांसारख्या लोकांचा उल्लेख आहे. तेथेही राजाच बोलतो. रठिक बोलत नाहीत.

पालि साधनांना मराठीत जे प्रामाण्य लाभले त्याचे श्रेय मुख्यत्वे धर्मानंद कोसंबी ह्यांचे आहे, आणि ते श्रेय मोठे आहे. गोव्यातील सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेला, शाळेचे फारसे तोंड न पाहिलेला हा तरुण १८९९ मध्ये घर सोडून निघाला आणि १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात श्रामणेर झाला. पुढे ब्रह्मदेश, कलकत्ता, अमेरिकेतील हार्वर्ड, आणि मध्यंतरी पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज अशी त्यांची वाट गेली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले ते त्यांनी महाराष्ट्रात राहून लिहावे म्हणून. ह्या पन्नास रुपयांचा हिशेब मराठी वाङ्मयेतिहासाने अद्याप पुरता मांडलेला नाही. 'बौद्धसंघाचा परिचय' (१९२६) आणि 'भगवान बुद्ध' (१९४०–४१) ह्या ग्रंथांनी मराठी वाचकास त्रिपिटक पहिल्यांदाच मूळ आधारानिशी दाखविले. चार दृश्ये पाहून राजपुत्र विरक्त झाला ही सर्वतोमुखी असलेली कथा त्यांनी अत्तदंडसुत्ताच्या आधारे बाजूस सारली आणि शाक्य-कोलियांच्या कलहाकडे बोट दाखविले. भाब्रू येथील लेखात अशोकाने नावानिशी सांगितलेले सात पाठ आजच्या त्रिपिटकात कोठे सापडतात, ह्याचा त्यांनी घेतलेला शोध हा मराठी माणसाने केलेल्या पाठचिकित्सेचा उत्तम नमुना होय. नवल एवढेच की ज्यांनी बुद्धचरित्रातील अद्भुते अशी एकेक करून पारखली, त्यांच्याच वाचकांनी महावंसातील यादी मात्र न पारखता स्वीकारली.

कोसंबींच्या ग्रंथांचा विषय बुद्ध, त्याचा काळ व त्याचा संघ हा होता. प्रसार हा नव्हता. म्हणून प्रसारासंबंधीची उणीव त्यांच्या पदरी बांधणे न्याय्य होणार नाही. परंतु त्यांनी घालून दिलेली दिशा पुढील पिढीने जशीच्या तशी चालू ठेवली. त्यांचे शिष्य पु. वि. बापट ह्यांनी १९३७ मध्ये विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. मूळ पालि नष्ट होऊन केवळ चिनी भाषांतरात उरलेला ग्रंथ पुण्यात बसून पालि ग्रंथाशी ताडून पाहणे, ही धर्मप्रसाराच्या अभ्यासातील अव्वल दर्जाची कामगिरी होती. वा. वि. गोखले ह्यांनी तिबेटी आणि चिनी साधने हाताळली व अभिधर्मकोशाच्या कारिका १९४६ मध्ये संपादित केल्या. १९५६ मध्ये भारत सरकारने बापटांच्या संपादकत्वाखाली अडीच हजार वर्षांचा बौद्ध धर्म हा इंग्रजी ग्रंथ काढला, त्यात चीन, कोरिया, जपान, तिबेट, लंका, ब्रह्मदेश, सयाम अशी देशवार मांडणी आहे. पुण्याहून कोलंबो दिसत होते, ल्हासा दिसत होते, लोयांगही दिसत होते. कार्ले मात्र दिसत नव्हते, निदान बौद्ध विद्येच्या खिडकीतून तरी नव्हते.

ह्याचे कारण उघड आहे. दक्षिणेतील लेख वाचले ते भगवानलाल इंद्रजी, बर्जेस, ब्यूलर, सेनार ह्या मंडळींनी. आणि ते वाचन जमा झाले सातवाहन व क्षहरात राजांच्या कालानुक्रमाच्या खात्यात. पालि ग्रंथ एका दालनात आणि शिलालेख दुसऱ्या दालनात अशी विभागणी होऊन बसली. ह्याला एक ठळक अपवाद घडला, आणि तो धर्मानंदांच्याच घरात: त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी ह्यांनी १९५५ मध्ये धेनुकाकटावरील लेखात कार्ल्याचे दाते, व्यापारी वाटा आणि विहार ह्यांची सांगड घातली. पित्याने ग्रंथ वाचले, पुत्राने दगड वाचले. पण दोहोंचे वाचन एका टेबलावर आणण्याचे काम मराठीत मागेच पडले.

आता सोलापूरकडून भीमेच्या काठाने खाली जावे. पंढरपूरवरून आलेली ही नदी कलबुर्गी जिल्ह्यात शिरल्यावर तिच्या तीरावर सन्नती हे गाव लागते. तेथील चंद्रलांबा देवीच्या आवारात कालीच्या मूर्तीखाली पीठ म्हणून बसविलेली एक शिळा, देवळाचे छत कोसळल्यानंतर, १९८० नंतरच्या दशकात उघडी पडली. तिच्यावर अशोकाचे बारावे व चौदावे शासन आणि एरवी केवळ कलिंगात आढळणारी दोन स्वतंत्र शासने कोरलेली निघाली. ह्या लेखाची भाषा पूर्वेकडील वळणाची आहे. ही मगधाच्या कचेरीची भाषा; तीत प्रथमेचा प्रत्यय 'ए' असतो, 'र'च्या जागी 'ल' येतो आणि राजास 'लाजा' म्हणतात. भीमेकाठच्या माणसास ही बोली किती समजली असेल, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

ह्याच सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे १९९४ पासूनच्या उत्खननात एक महाचैत्य निघाला. त्याच्या शिल्पपट्टांवर नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी एका पट्टावर राजा, राणी व परिवार दाखविला असून खाली ब्राह्मी लिपीत दोनच शब्द आहेत: 'राया असोको'. अशोकाचे चित्र त्याच्या नावासह कोरलेले मिळावे ह्याचा इतिहासकारांस आनंद झाला, तो योग्यच आहे. भाषाभ्यासकास ह्या दोन शब्दांत आणखी काही दिसते. स्वतः अशोकाच्या मगधी कचेरीने हे नाव 'लाजा असोके' असे लिहिले असते. भीमेकाठी, त्याच गावाच्या शेजारी, सातवाहनकाळात 'ल'चा 'र' झाला आहे, 'ए'चा 'ओ' झाला आहे आणि स्वरांमधील 'ज' विरघळून 'य' झाला आहे. राजाची शिळा त्याच्या भाषेत आली होती. राजाची मूर्ती लोकांच्या भाषेत घडली. दुसऱ्या एका पट्टावर राया सातकनि महाचैत्यास 'रूपामय' कमळे अर्पण करीत आहे. चांदीस मराठीत 'रुपे' म्हणतात, हे सांगावयास कोशाची गरज नाही. अन्य पट्टांवर 'राजा' असेही रूप आढळते, म्हणजे लेखकांपुढे दोन्ही रूपे होती आणि निवड त्यांची होती. लाजाचा राया होणे म्हणजेच प्रसार. महावंसाच्या वाक्यरचनेत जे बसत नाही, ते येथे दोन शब्दांत बसले आहे.

ह्या बदलास धर्माचीच अनुज्ञा होती की नव्हती, हा वाद जुना आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यमेळु व तेकुल ह्या ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्षूंची गोष्ट येते. निरनिराळ्या देशांचे व कुळांचे लोक बुद्धवचन भ्रष्ट करितात म्हणून ते छंदात, म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत, बांधावे अशी त्यांची विनंती होती. बुद्धाने ती नाकारली आणि 'सकाय निरुत्तिया' बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. 'स्वकीय निरुक्ती' म्हणजे कोणाची? बुद्धघोषाने उत्तर दिले: बुद्धाची, म्हणजे मागधी. गायगर ह्यांनी ते मान्य केले. ऱ्हीस डेव्हिड्स व ओल्डेनबर्ग ह्यांनी त्याच शब्दांचा अर्थ 'ज्याच्या त्याच्या बोलीत' असा लावला. चिनी भाषांतरात उरलेल्या धर्मगुप्तक विनयाचा कौल दुसऱ्या पक्षास आहे: तेथे देशोदेशीच्या लोकांस समजेल अशा बोलीची मुभा आहे. बुद्धघोषाचा अर्थ व्याकरणदृष्ट्या अशक्य नाही, परंतु तो लावताना ज्या ग्रंथभाषेचे रक्षण त्यास करावयाचे होते ती पालि, भाषाशास्त्राच्या कसोटीवर, मागधी ठरत नाही. 'र' राखणारी आणि 'ओ' प्रत्यय घेणारी ही भाषा गिरनारच्या, पश्चिमेच्या वळणास जवळची आहे. म्हणजे मागधीचा अभिमान धरणाऱ्या टीकाकाराचा स्वतःचा ग्रंथच प्रवासात बोली बदलून बसला होता.

दक्षिणेतील लेण्यांत हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका खांबावर सोपाऱ्याहून आलेल्या, धम्मुत्तरीय निकायाच्या सातिमित नामक भाणकाचे दान कोरलेले आहे. भाणक म्हणजे पाठ म्हणणारा. जुन्नरच्या लेखांतही ह्या निकायाचा उल्लेख आहे. ज्या सोपाऱ्यास भगवानलालांनी १८८२ मध्ये स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शासनाचा तुकडा मिळविला, त्याच गावचा माणूस घाटावर येऊन बुद्धवचन म्हणत होता. त्याने ते कोणत्या बोलीत म्हटले, हे दगड सांगत नाही. पण त्याचे दान नोंदविणारी बोली सांगतो, आणि ती मगधाची नव्हे. कार्ल्यास धेनुकाकटाचे यवन दाते आहेत. नाशिकास दातामितीहून आलेला, स्वतःस उत्तरेकडील म्हणविणारा योनक इंद्राग्निदत्त आहे. वैजयंतीचा भूतपाल सेठी कार्ल्याचे शैलगृह पुरे केल्याचे सांगतो. हे सारे परमुलखातील लोक दक्षिणेत येऊन दक्षिणेच्या प्राकृतात दान देतात. प्रसाराची दिशा नेहमी एकच धरणाऱ्यास ह्या लेखांचे काय करावे हे कळणार नाही.

नाशिकचे दहावे लेणे तर हिशेबाची वही आहे. नहपानाचा जावई उषवदात ह्याने बेचाळिसाव्या वर्षी गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका श्रेणीत २,००० कार्षापण ठेवले व दुसरीत १,०००. पहिल्या रकमेवर दरमहा शेकडा एक, दुसरीवर पाऊण व्याज. मूळ रक्कम परत मागावयाची नाही; केवळ वृद्धी घ्यावयाची. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. गणित चोख आहे: दोन हजारांवर वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. भिक्षूचे वस्त्र मागावरच्या धंद्याच्या नफ्यातून येत होते, ही गोष्ट सोलापूरच्या वाचकास अधिक विस्ताराने सांगावयास नको. भाषिक दृष्टीने ह्या लेखाचे मोल आणखी निराळे आहे. रचना संस्कृतमिश्रित आहे, पण हिशेब आला की लेखकाची खरी भाषा उमटते: दोनला 'बे', बाराला 'बारस', पाऊणला 'पायून'. मराठी मूल आजही 'बे एके बे' म्हणते आणि पावकी-निमकीनंतर पाऊणकीही एके काळी म्हणत असे. दानपत्रातील आदर संस्कृतात आहे, पैसा प्राकृतात.

तेर येथील साक्ष मुकी आहे, तरी तिचा निर्देश केला पाहिजे. बार्शीच्या पूर्वेस तेरणेकाठी असलेल्या ह्या गावास फ्लीट ह्यांनी १९०१ मध्ये पेरिप्लस ग्रंथातील तगर म्हणून ओळखले. पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील ह्या बाजारातून कापड भडोचला जात असे. गावातील त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे, आणि ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे कझिन्स ह्यांनी मत मांडले. चापेकर ह्यांचे १९५८ चे उत्खनन व त्यानंतरची उत्खनने ह्यांनी गावाचा सातवाहनकालीन थर पक्का केला. गोरोबाकाकांचे हे गाव मराठीच्या इतिहासात पुढे ज्या कारणासाठी प्रसिद्ध झाले ते सर्वश्रुत आहे. विटा राहिल्या, देव बदलले. परंतु तगरच्या विहारांत कोणते शब्द बोलले जात होते, ते सांगणारा लेख त्या विटांबरोबर आलेला नाही.

येथे मुख्य प्रश्न उभा राहतो. भारतातील कोरीव बौद्ध लेण्यांचा बहुतांश महाराष्ट्रात आहे. परंतु माहाराष्ट्री प्राकृतात रचलेला एकही बौद्ध ग्रंथ उपलब्ध नाही. दंडीने प्राकृतांत श्रेष्ठ म्हटलेली, हालाच्या सप्तशतीने गाजलेली ही भाषा जैनांनी आपलीशी केली आणि तीत 'पउमचरिय', 'वसुदेवहिंडी' असे ग्रंथ लिहिले. बौद्धांनी तीत काही लिहून ठेवले नाही. उलट वायव्येच्या गांधारीचे उदाहरण पाहावे. १८९२ मध्ये खोतानजवळ मिळालेला गांधारी धर्मपद ब्रफ ह्यांनी १९६२ मध्ये साक्षेपाने संपादित केला. १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीस भूर्जपत्रांच्या आणखी गुंडाळ्या मिळाल्या. प्राचीन चिनी भाषांतरांतील अनेक नावांच्या मुळाशी संस्कृत नव्हे तर गांधारी उच्चार आहेत, हे आता मान्य झाले आहे. ध्यानाचे प्राकृत 'झाण', त्यापासून चिनी 'चान' आणि जपानी 'झेन' ही साखळी तर सर्वांस परिचित आहे: संस्कृत शब्द नव्हे, बोलीतील शब्द समुद्रापर्यंत पोचला. मग दक्षिणेची बोली दगडावरच का थांबली?

ह्यावर एक उत्तर हवामानाचे आहे. खोतानच्या वाळूत भूर्जपत्र दोन हजार वर्षे टिकते. कोकणच्या पावसात ताडपत्र टिकत नाही. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. जैनांची ताडपत्रेही पावसातच होती. ती टिकली नाहीत, त्यांच्या प्रती टिकल्या. ग्रंथ जगतो तो नक्कलकाराच्या हातावर, आणि नक्कलकार जगतो तो श्रावकाच्या दानावर. दक्षिणेतील बौद्ध संघाचा श्रावक व्यापारी होता, श्रेणी होती, यवन होता, राजाचा जावई होता. त्याने लेणे खोदविले, पोढी खोदविली, चीवर दिले. ग्रंथाच्या दानाचा उल्लेख ह्या लेखांत ठळकपणे येत नाही. आणि जेव्हा ग्रंथ भिंतीवर आला, तेव्हा तो संस्कृतात आला: अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगविलेले श्लोक आर्यशूराच्या जातकमालेतील आहेत, हे ल्यूडर्स ह्यांनी दाखवून दिले. नवव्या शतकातील कान्हेरीचे राष्ट्रकूटकालीन लेखही संस्कृतात आहेत. म्हणजे यमेळु आणि तेकुल ह्यांची विनंती बुद्धाने नाकारली असली तरी इतिहासाने, निदान ह्या मुलखात, शेवटी मान्य केली. संघाने लोकांची बोली दानपत्रास ठेविली आणि शास्त्रास संस्कृत घेतली. पुढे दाते गेले तेव्हा बोलीत उरलेले असे संघाजवळ काहीच नव्हते. लेण्यांच्या ओसाडीची जी अनेक कारणे सांगितली जातात त्यांत हे कारण जमा करावयास हरकत नाही. व्यापारी वाटांच्या ऱ्हासापेक्षा ते लहान आहे, पण भाषेच्या अभ्यासकास तेच अधिक बोलके वाटेल.

ह्या इतिहासाचा आजच्या मराठीशी संबंध आहे. कोसंबींचा आशय पालि होता, पण वेष संस्कृत: त्यांच्या मराठीत 'भिक्षु' आहे, 'भिक्षुहो' आहे, 'धर्म' आहे, 'निर्वाण' आहे. त्या काळच्या शिष्ट मराठीस तेच साजणारे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी दीक्षा घेतली व दिली, आणि १९५७ मध्ये त्यांचा बुद्धावरील ग्रंथ मरणोत्तर प्रसिद्ध झाला. त्यात 'धम्म' व रूढ अर्थाचा धर्म ह्यांत केलेला भेद मुद्दाम केलेला आहे. त्यानंतर लाखो मराठी भाषकांच्या तोंडी 'धम्म', 'भिक्खू', 'तिसरण' ही रूपे रुळली. ही रूपे परकी, पुस्तकी, लंकेतून आणलेली आहेत, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. तो तपासून पाहिला पाहिजे, कारण तो भाषेचा वेष घेऊन येतो.

ध्वनिनियम असे सांगतो, की प्राकृतातील द्वित्व मराठीत गळते आणि मागील स्वर दीर्घ होतो: कर्म, कम्म, काम, चर्म, चम्म, चाम, घर्म, घम्म, घाम. त्याच न्यायाने 'धम्म' अखंड परंपरेने मराठीत उतरता, तर त्याचे '*धाम' झाले असते. (स्थानवाचक 'धाम' हा संस्कृत तत्सम शब्द, त्याचा येथे संबंध नाही.) असे रूप मराठीत नाही. सिंहलीत आहे: तेथे 'दहम्' हे झिजलेले, घरच्या वापराने गुळगुळीत झालेले रूप आजही चालते, कारण तेथे परंपरा तुटली नाही. म्हणून आजच्या मराठीतील 'धम्म' हा उसना शब्द आहे, हे आक्षेपकांचे म्हणणे शास्त्राने मान्य केले पाहिजे. पण त्याच नियमाने 'धर्म' हाही उसनाच ठरतो. तो संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला आहे, आणि खेड्यातील 'दानधरम' हे त्याचेच सैल केलेले रूप. दोन उसन्या शब्दांपैकी एकास घरचा आणि दुसऱ्यास परका म्हणण्याचा अधिकार भाषाशास्त्र कोणासही देत नाही. इतकेच नव्हे, तर दोहोंपैकी ह्या भूमीच्या दगडावर कोणता आहे असे विचारले, तर उत्तर निर्विवाद आहे: दक्षिणेतील लेण्यांत दानास 'देयधम' म्हणतात, आणि तो शब्द शेकडो ठिकाणी कोरलेला आहे. ब्राह्मी लेखक द्वित्व लिहीत नसत. वाचणारा 'धम्म' असेच वाचीत असे. तसेच 'भिखु' आणि 'भिखुनी'. १९५६ नंतरच्या मराठीने, शिलालेख उघडून न पाहता, शिलालेखांचीच रूपे परत आणली.

येथे उलट बाजूच्या उत्साहासही आवर घातला पाहिजे. लेण्यांतील 'धम' आणि आजचा 'धम्म' ह्यांच्या मध्ये अखंड परंपरा आहे, असे सिद्ध करण्याच्या भरात जे लिहिले जाते त्यास वरील ध्वनिनियमच छेद देतो. जे खरोखर अखंड आले ते निराळे आहे. 'लयन' शब्दाचे 'लेण', त्याचे 'लेणे': हा शब्द दगडावरून थेट तोंडात आला. (अलंकारवाचक 'लेणे' हे अंगावर घालणे ह्या अर्थाच्या क्रियापदाचे, कवींनी दोहोंत श्लेष साधला तरी व्युत्पत्तीने तो साधू नये.) कान्हेरीच्या लेखांतील 'आसनपेढिका' म्हणजे बसावयाचा ओटा, 'पेढी' सराफाकडे गेली. आणि 'भिक्खा' शब्दाची नियमाप्रमाणे 'भीक' झाली. भिक्खू विस्मरणात गेला, त्याची भिक्षा तेवढी बोलीत उरली, आणि तीही तिची सारी प्रतिष्ठा गमावून. अर्थभ्रष्टतेचा हा इतिहास मराठी बौद्धांच्या इतिहासाचे एक पान म्हणून वाचावयास हवा. तो अद्याप केवळ कोशाच्या स्तंभात पडून आहे.

सोलापूरच्या दक्षिणेस, भीमा व सीना ह्यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार ह्यांच्या परिश्रमांमुळे तो विद्वानांच्या चर्चेत आला, आणि मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. एकाच नदीवर, प्रवाहाच्या दिशेने, कुडल आणि कनगनहळ्ळी ही दोन गावे आहेत. काळाच्या दिशेने ती उलट लागतात. खालच्या गावी 'राया असोको' लिहिणारी प्राकृत, वरच्या गावी शैव देवळात मराठी. मधल्या शतकांत बोलीने आपला धर्म बदलला आणि रूपही बदलले.

ह्या मधल्या शतकांचे काम करावयास साधन उपलब्ध आहे. मधुकर अनंत मेहेंदळे ह्यांनी १९४८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कोरीव प्राकृतांचे ऐतिहासिक व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात लेखांची प्रदेशवार व शतकवार विभागणी आहे, आणि बौद्ध धर्माच्या मराठी विवेचनाने त्याचा फारसा उपयोग करून घेतलेला नाही. ते व्याकरण झाले तेव्हा सन्नतीची शिळा कालीच्या मूर्तीखाली होती आणि कनगनहळ्ळीचे पट्ट जमिनीत. ह्या पट्टांवरील लेख २०१४ मध्ये नाकानिशी व फॉन हिन्यूबर ह्यांनी एकत्र प्रसिद्ध केले. मेहेंदळे ह्यांच्या कोष्टकांत दक्षिणेच्या रकान्यापुढे 'राया', 'असोको' व 'रूपामय' ही रूपे भरावयाची आहेत, आणि त्यांच्या शेजारी पालि रूपांचा आणखी एक रकाना आखावयाचा आहे.